शेवटच्या घरचं पाणी

नळ आधी गवंड्याच्या दारात वाजायचा. टेकडीवर टाकी, टाकीच्या पायथ्याला गवंड्याचं घर, आणि तिथून सगळी गल्ली उतरणीला लागलेली. वर पाणी सोडणारा चाक फिरवायचा. नळातून आधी नुसता वारा घोरायचा, मग दोन गुळण्या गढूळ यायच्या, आणि त्यामागून मनगटाएवढी धार. गवंडीण शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमचं घर म्हणजे पाण्याचं माहेर. सासरी जायच्या आधी ते इथं टेकतं."

त्या साली विहिरी तळाला गेल्या आणि नळ रोजचा चौथ्या दिवसावर आला. पण आला की गवंडिणीच्या दारात धार तेवढीच जाड असायची, त्यामुळे दुष्काळ तिला ऐकून माहीत होता. ती ऐकायची, हळहळायची, आणि पाण्याच्या दिवशी पहाटे उठून जुनं पाणी शिळं झालं म्हणून अंगणात ओतून द्यायची. हंडे, कळशा, बादल्या घासून पुसून पुन्हा काठोकाठ भरायची. ओतलेलं पाणी दारापुढच्या गटारातून खळखळत उतरणीला लागायचं. ते कुठं जातं, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. पाणी खालीच जायचं, त्यात विचार कसला?

आणि तिला पाणी लागायचंही भरपूर. सासू पुढच्या खोलीत खाटेला खिळून होती. अंगणात पाय घसरला आणि खुबा मोडला, तो सांधला नाही. चादरी, फडकी, गाद्यांचे अभ्रे, सगळं रोजच्या रोज धुवायला निघायचं. म्हातारीचं उठणंबसणं संपलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. आल्यागेल्याला ती ऐकवायची, "पोरानं गावभर भिंती उभ्या केल्या, पण आईला काही उभं करता आलं नाही."

गवंड्याचं गावातलं काम थांबलं होतं. पाण्यावाचून बांधकाम होणार कसं? तो पहाटेच्या गाडीनं शहरात जायचा, तिथं कुणाच्या तरी हाताखाली माल कालवायचा, आणि दिवेलागणीला सिमेंटनं पांढरी झालेली बोटं घेऊन परत यायचा. आल्याआल्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून बसायचा. सिमेंट कातडी खातं. बादलीत हात घातले की त्याचा चेहरा सैल व्हायचा, आणि मगच तो घरात कुणाशी बोलायचा.

एका दुपारी गवंडीण जुन्या चादरींचं बोचकं घेऊन गल्लीच्या खालच्या टोकाला, शेवटच्या घरी, शिंप्याकडे गेली. म्हातारीखाली घालायला जाड घड्या शिवून हव्या होत्या. ऊन असं होतं की सावल्यासुद्धा भिंतींना चिकटून बसल्या होत्या.

शिंपी मशीनवर होता. बोचकं पाहून हसला. "एवढी दुपटी? पाळणा हलणार की काय घरात?"

"हललाय कधीच, भाऊजी. बाळ सत्तरी ओलांडलेलं आहे."

दोघंही हसले. शिंपी हसता हसता मध्येच थांबला आणि डाव्या कुशीवर हात दाबून वाकला. मग काही झालंच नाही असं दाखवत पुन्हा मशीन चालवू लागला.

गवंडिणीच्या घशाला कोरड पडली होती. आत शिंपीण बटणं लावत बसली होती. "वहिनी, जरा पाणी द्या हो."

शिंपीण लगेच उठली नाही. तिनं आधी दोरा तोडला, सुई रिळात खोचली, मग आत गेली. भांड्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, मग पुष्कळ वेळ काहीच नाही. ती पेला घेऊन आली. पेला अर्धाच होता. गवंडीण दोन घोट प्यायली, आणि सवयीनं उरलेलं पाणी दारातून बाहेर भिरकावून पेला परत दिला.

मशीन थांबलं. शिंपीण पायरीवरच्या ओल्या डागाकडे पाहत राहिली. कुठूनशी एक चिमणी आली आणि त्या डागात चोच मारू लागली. बघता बघता डाग आक्रसून गेला.

"काय झालं?" गवंडिणीनं विचारलं.

"काही नाही," शिंपीण म्हणाली.

"अहो, सांगा ना."

"आमच्याकडे नळ येत नाही, वहिनी. महिना होऊन गेला. पाण्याच्या दिवशी तोटी उघडून बसते, नुसती फुसफुसते. शेताकडच्या विहिरीवरून आणते एकेक कळशी, तीही आता गाळ देतेय." ती टोमणा मारत नव्हती, हिशेब सांगावा तसं सांगत होती. "तुमचं शिळं पाणी मात्र येतं. गटारानं. ते आलं की आम्हाला कळतं, वर नळ आला."

गवंडिणीला कानशिलं तापल्यासारखी वाटली. तिनं शिंप्याकडे पाहिलं. "आणि भाऊजींना काय होतंय? कुशीत दुखतंय का?"

"खडा आहे," शिंपी म्हणाला. "शहरात दाखवलं. डॉक्टर म्हणाला, दुसरं काही नको, भरपूर पाणी प्या. तांब्यावर तांब्या. मी म्हटलं, साहेब, एखादं औषधच लिहून द्या ना, ते तरी मिळतं."

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. बायका हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून गवंडिणीच्या घरात पाण्याला शिळं म्हणणं बंद झालं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी दारातल्या झाडाला. खरकटी भांडी आधी राखेनं कोरडी घासायची, मग ओंजळभर पाण्यानं काढायची. कपडे एका पाण्यातून निघू लागले, त्यांना साबणाचा वास तसाच राहू लागला. पाण्याच्या दिवशी तिनं गरजेपुरतं भरलं आणि धार जोरात चालू असताना तोटी आवळली.

गाडीला निघायच्या आधी गवंडी खाटेवर बसून हे बघत होता. "अगं, आपण तोटी बंद केली म्हणजे पाणी काय शहाण्या मुलासारखं खाली मान घालून शिंप्याकडे जाणार आहे?"

"उतारच आहे. जाईल नाही तर कुठं जाईल?"

"बरं," तो म्हणाला. आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर बादली शोधू लागला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे तांब्या ठेवला.

"हे काय?"

"एवढ्यात होतं. मी ओतते, तुम्ही चोळा."

त्यानं हात चोळले. सिमेंट रेषांमध्ये तसंच राहिलं. थोड्याच दिवसांत त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तो घास उचलताना डोळे बारीक करू लागला. एकदाच म्हणाला, "दया तू करायची आणि चटका माझ्या हातांना. बरी वाटणी आहे."

पुढच्या पाण्याच्या दिवशी तोटी बंद करून ती हात पुसत तडक खाली गेली. शिंपीण नळाखाली कळशी लावून उकिडवी बसली होती. नळ फुसफुसत होता. तोटीला कान लावला तर लांबून कुणी श्वास ओढतंय असा आवाज येत होता.

"मी मघाशीच बंद केला," गवंडीण म्हणाली. "अर्ध्या वेळेतच."

"कळलं मला. आज गटार कोरडं होतं."

येताना गल्लीच्या मध्यावर, गिरणीवाल्याच्या घरापाशी, तिला घरघर ऐकू आली. ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली मोटर चालू होती आणि जाड नळी गच्चीवरच्या टाकीत गेली होती. गिरणीवाला दारातच उभा होता. केसांत, भुवयांवर पीठ. मोटर लपवायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"दादा, खाली थेंब पोचत नाही हो. शिंपीभाऊजी आजारी आहेत."

"मला माहीत नाही होय? माझेच कपडे शिवतो तो."

"मग थोडा वेळ तरी मोटर—"

"वहिनी, ऐका. मी आत्ता बंद करतो. उद्या समोरचा लावेल. त्यानं आणून ठेवलीय, बघितलीय मी. मग माझ्या घरातल्यांनी काय पीठ खाऊन तहान भागवायची? घरात दोन तान्ही पोरं आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या दारात धार मनगटाएवढी येते. तुम्हाला मोटर कशाला लागेल? उंचावर राहणाऱ्याला दया परवडते."

तिला काही तरी सणसणीत बोलायचं होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. आतून तान्ह्या पोराचं रडणं येत होतं. ती चढण चढून घरी आली आणि हंड्याच्या कडेला हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. इतके दिवस तिनं थेंब थेंब वाचवला, तो गिरणीवाल्याच्या गच्चीवर साठत होता. बळी तो कान पिळी, म्हातारी म्हणायची तसं.

नळानं जात नाही तर आपण न्यायचं, असं तिनं ठरवलं. रोज दुपारी, म्हातारीचा डोळा लागला की ती कळशी कमरेवर घेऊन उतरणीला लागायची. पहिल्या दिवशी शिंपीण कळशी घेईना. "सवय लागेल, वहिनी, आणि मग तुम्ही थांबलात की आम्ही काय करायचं?" पण शिंप्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच भांडं पुढे केलं.

टाकीही आता आटत आली होती; धार जाड असली तरी चार-दोन भांडी भरली की नळ थांबायचा. रोजची कळशी कुठून तरी कमी होणारच. पिण्याचं कमी करता येईना, गवंड्याच्या हातांचं आधीच तांब्यावर आलेलं. उरली म्हातारी. आधी तिची अंघोळ एक दिवसाआड झाली, मग ओल्या फडक्यानं पुसण्यावर आली. चादर खराब झाली की गवंडीण ती तेवढीच जागा चोळून, वाळवून पुन्हा घालू लागली. ती पुरती स्वच्छ व्हायची नाही, पुरती वाळायचीही नाही. एके सकाळी कूस बदलताना तिला म्हातारीच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. दोन-चार दिवसांत तिथली कातडी ओल्या कागदासारखी सुटली.

गवंडीण ती जखम पुसत होती, म्हातारीनं उशीत तोंड खुपसलं होतं. तशीच ती म्हणाली, "माझ्या अंघोळीचं पाणी कुठं जातंय गं?"

गवंडिणीचा हात थांबला.

"आंधळी नाही मी. नळ आपल्या दारात अजून जाडच ओततो, कान आहेत मला. आणि तू दुपारी पावलं न वाजवता जातेस. माणूस चोरी करतो नाही तर पुण्य, तेव्हाच असं चालतो."

"शिंपीभाऊजींना, आत्याबाई. त्यांना डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलंय. त्यांच्याकडे नळच येत नाही."

जखमेवर फडकं टेकलं तेव्हा म्हातारीनं दातांतून हवा ओढली. मग म्हणाली, "ने. नको कोण म्हणतं? पण माझ्या अंगावरचं काढून नेतेस, तर मला विचारून ने. दिल्याचं समाधान तरी मला मिळू दे. मुकाट्यानं काढून घेतलेलं कसलं दान? ती लूट झाली."

"चुकलं माझं."

"आणि रडू नकोस. पाणी वाया जातंय."

गवंडीण रडता रडता हसली. म्हातारी हसली नाही. तिला खरंच दुखत होतं.

त्यानंतर गवंडीण कळशी उचलण्याआधी रोज विचारायची, "आत्याबाई, नेऊ?" म्हातारी डोळे मिटून, कधी मान हलवून, कधी "जा बाई" म्हणून परवानगी द्यायची. एखाद्या दिवशी उत्तर यायला वेळ लागायचा. त्या वेळात गवंडीण दारात कळशी घेऊन उभी राहायची, आणि म्हातारी नाही म्हणाली तर बरं होईल, असं तिच्या मनात येऊन जायचं.

शिंपी मात्र उतरतच गेला. मशीनवर बसणं बंद झालं. तो भिंतीला टेकून बसायचा, पाय पोटाशी घेऊन. गवंडीण समोर बसून पेला भरून द्यायची.

"प्या."

तो अर्धा प्यायचा आणि पेला खाली ठेवायचा. "राहू दे. उद्याला होईल."

"उद्या मी आणीन ना!"

"हो, आणाल. पण नाही आणलंत तर?"

"अहो, डॉक्टरनं तांब्यावर तांब्या सांगितलंय."

"पीत नाही असं नाही, वहिनी. घशाखाली उतरत नाही. इतके दिवस मोजून प्यायलो, आता घसाच मोजतो." मग बायकोकडे हनुवटीनं दाखवून म्हणाला, "आणि हिनं किती दिवस केस धुतले नाहीत, बघा."

शिंपीण ओरडली, "माझ्या केसांना आग लागो! प्या तुम्ही!"

तो प्यायला. दोघी समोर बसल्या म्हणून प्यायला, आणि पाठ वळल्यावर उरलेलं पुन्हा भांड्यात ओतून झाकण ठेवलं. शिंपिणीनं ते पाहिलं आणि गवंडिणीला सांगितलं. दोघींनाही त्याच्यावर रागावता येईना.

मग त्याला थंडी वाजून ताप आला. भर उन्हात तो दोन पांघरुणांखाली कुडकुडू लागला. त्या दिवशी गवंड्यानं खाडा केला. भेगाळलेल्या हातांनी त्यानं शिंप्याला उचललं आणि भाड्याच्या टेम्पोत घातलं. शिंपी म्हणाला, "सांभाळून, गवंडी. भिंत जुनी आहे, पोपडे निघतील." टेम्पो उतरणीवरून दिसेनासा होईपर्यंत गल्ली दारादारांत उभी होती. गिरणीवालाही होता. त्या दिवशी त्यानं गिरणी लावली नाही.

शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरनं शिंपिणीला विचारलं, "एवढे दिवस काय करत होतात? पाणी प्यायला सांगितलं होतं ना?" शिंपिणीनं मान खाली घातली. कुठून सुरुवात करून सांगायचं? विष रक्तात गेलं होतं. शिंपी तिथंच गेला.

त्याला भर दुपारी घरी आणलं. अंगणात बाकावर ठेवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी कुणाला हाक मारली नाही, पण गल्लीतून माणसं पाणी घेऊन उतरू लागली. माणसाला धुऊन पाठवायचं, तर पाणी हवं. कुणी कळशी आणली, कुणी बादली. गिरणीवाल्यानं आणि त्याच्या भावानं दोघांत धरून मोठं पिंप आणलं, हिंदकळणारं, काठोकाठ भरलेलं. गवंडिणीनं घरातलं होतं नव्हतं ते सगळं दोन खेपांत आणलं. शिंप्याच्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं एवढं पाणी उभं राहिलं. इतक्या भांड्यांत आकाश चमकत होतं की डोळे दिपत होते.

गिरणीवाल्यानं बादली उचलली.

"थांबा," शिंपीण म्हणाली.

सगळे थांबले.

"सगळं ओतू नका. ते पिंप राहू द्या. आणि त्या कळशा. मला लागेल."

कुणीतरी घसा खाकरला. मागं उभी असलेली एक बाई दुसरीच्या कानाशी पुटपुटली, "अशा वेळी हे सुचतं तरी कसं?" ते शिंपिणीला ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही. तिचा चेहरा मात्र असा झाला, जणू कुणीतरी तिला सगळ्यांसमोर चोरी करताना धरलंय.

गवंडीण पुढे झाली. तिनं एक तांब्या भरला आणि शिंपिणीच्या हातात फडकं दिलं. म्हातारीला पुसून पुसून तिला ते जमत होतं. आधी चेहरा, मग मान, हात, बोटांमधल्या फटी. फडकं पिळायचं नाही, घडी बदलायची. दोघींनी मिळून त्याला पुसला. कूस पुसताना शिंपिणीचा हात तिथं थोडा जास्त वेळ थांबला. उजव्या हाताच्या बोटाला सुया टोचून टोचून घट्टा पडला होता, तो तिनं दोनदा पुसला. तांब्यात तळाला थोडं पाणी उरलं. ते काय करावं हे कुणालाच कळेना. शेवटी गवंडिणीनं त्याचे ओठ ओले केले. ओलावा ओठांवर तसाच राहिला, आत गेला नाही.

गिरणीवाला बादली घेऊन तसाच उभा होता. मग त्यानं ती हळूच पिंपाशेजारी ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गवंडीण घरी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पुरुष अजून परतायचे होते. पुढच्या खोलीत शिरताच तिला वास आला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"झालं सगळं?"

"झालं, आत्याबाई."

"नीट धुतला ना त्याला? पाणी होतं?"

"होतं. खूप होतं. सगळी गल्ली घेऊन आली."

"बरं झालं." म्हातारी भिंतीकडेच बोलत होती. "दुपारीच घाण केलीय मी. तू बाहेर पडलीस त्याच्या आधीच."

"मग हाक का नाही मारली?"

"तुझ्या दोन्ही हातांत कळशा होत्या."

गवंडीण स्वयंपाकघरात गेली. हंडा, कळशीची जागा, बादल्या, सगळं कोरडं. माठ कलता करून पाहिला, तळाशी पिण्यापुरतं होतं. नळ परवा येणार होता. खाली जाऊन दोन कळशा परत मागाव्यात असं क्षणभर मनात आलं, आणि शिंपिणीचा तो चेहरा डोळ्यांसमोर आला. शेजारी जावं, तर सगळ्यांची भांडी त्याच अंगणात होती.

ती जुनी फडकी घेऊन खाटेपाशी आली. म्हातारीला तिनं कुशीवर वळवलं. घाण वाळून कातडीला धरली होती, जखमेच्या कडेपर्यंत.

"पाणी नाही ना?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"मग तसंच पूस."

गवंडिणीनं कोरडं फडकं टेकलं आणि जपून ओढलं. म्हातारीनं खाटेची कड घट्ट धरली, बोटं पांढरी झाली.

"दुखतंय, आत्याबाई?"

"विचारू नकोस. पूस."

गवंडीण पुसत राहिली.